घरची बैठक: आवडते गाणे मित्रांना समोर बसवून ऐकवायचे तर

आवडत्या गवयाचे रेकॉर्डिंग मित्राला पाठवले की तो दोन मिनिटे ऐकतो, अंगठ्याची खूण टाकतो आणि आपल्या कामाला लागतो. त्यात त्याचा दोष नाही. विलंबित (संथ लयीचा) ख्याल मोबाइलच्या स्पीकरवर उलगडतच नाही. तोच मित्र गवयापासून सात-आठ फुटांवर मांडी घालून बसला, तानपुऱ्याची आस (रेंगाळणारा नाद) थेट कानावर आली, समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, तोंडाशी तबलजी आणि गवई एकमेकांकडे कसे बघतात ते त्याने पाहिले, की फारसे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याला आवडते ते गाणे मित्रांच्या गळी उतरवायचे असेल तर घरात छोटी बैठक भरवण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

गोव्यात ही गोष्ट अवघड नाही. गायिका केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, गायक दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे. नाट्यपद आणि भजन इथल्या घराघरांत कानावर असतेच. फोंडा, पणजी, मडगाव या पट्ट्यात तबला-संवादिनीची चांगली साथ शोधायला लांब जावे लागत नाही. अडचणी येतात त्या वेगळ्याच: दमट हवा, डास, टाइल्सच्या खोलीतला घुमारा आणि भलत्या वेळेची निवड. तीस-पस्तीस श्रोत्यांची, माईकशिवायची, ख्याल-नाट्यगीत-अभंग अशी बैठक डोळ्यांपुढे ठेवून पुढचे सगळे लिहिले आहे.

आधी माणसे ठरवा

गवई कोण, हे नंतर. आधी कोणाला ऐकवायचे ते ठरवा, कारण त्यावर बाकीचे अवलंबून आहे. तीस माणसे हा चांगला आकडा. वीसच्या खाली गेलात तर गवयाला प्रतिसाद मिळत नाही, चाळीसच्या वर गेलात तर मागच्यांना नुसती पाठमोरी डोकी दिसतात आणि माईकची गरज भासू लागते. तीस हवीत तर अडतीस-चाळीस जणांना बोलवा. कोणाच्या घरी काही निघते, कोणाची गाडी बिघडते.

यात साधारण एक तृतीयांश माणसे जाणकार असावीत, बाकीची नवखी. जाणकार मंडळी सवयीने पुढच्या ओळीत एकत्र बसतात. तसे बसू देऊ नका. त्यांना नवख्यांच्या मधे पेरा. शेजारचा माणूस कुठे मान हलवतो, कुठे श्वास रोखतो हे पाहून नवखा जितके शिकतो तितके व्याख्यानातून शिकत नाही.

शेजाऱ्यांना मात्र आवडीनिवडी न बघता बोलवा. घरी येऊन चहा घेतलेला शेजारी आवाजाची तक्रार करत नाही.

गवई निवडताना

मोठ्या नावामागे धावू नका. ज्याला तुम्ही प्रत्यक्ष, शक्य तर माईकशिवाय ऐकले आहे अशाच गायकाला बोलवा. मंचावर ध्वनिक्षेपकाच्या आधाराने भरीव वाटणारा आवाज खोलीत पातळ निघू शकतो, आणि सभागृहात मागे पडणारा एखादा गोड, बारीक आवाज खोली भरून टाकतो.

आणखी एक विचार करा. केसरबाई आणि मोगूबाई या दोघी जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, त्यामुळे जयपूर-अत्रौली गायकीचे गोव्याला विशेष प्रेम. पण या गायकीची खरी श्रीमंती अनवट (क्वचित गायल्या जाणाऱ्या) आणि दोन राग जोडून केलेल्या जोडरागांत आहे, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तिथे पाय टेकायला जागा मिळत नाही. गायक या घराण्याचा असेल तर मोकळेपणाने सांगा की अर्ध्याहून अधिक श्रोते नवे आहेत, पहिला राग सरळ घ्यावा: यमन, भूप, बिहाग, बागेश्री. अनवट राग दुसऱ्या भागात येऊ दे. कुठलाही समजूतदार कलाकार याला हरकत घेत नाही.

फोनवर पहिल्याच बोलण्यात या गोष्टी विचारून वहीत लिहून ठेवा: गाण्याची पट्टी (सा कोणत्या स्वरावर धरतात ते) कोणती, साधारण कोणते राग डोक्यात आहेत, साथीदार स्वतःचे की आपण बघायचे, तानपुरे कोणाचे, रेकॉर्डिंगला परवानगी आहे का, जेवणाचे पथ्य काय, आणि मानधन. शेवटची गोष्ट संकोचाने मागे राहते आणि नंतर तीच दोघांना बोचते. साथीदारांचे मानधन वेगळे ठरवा, वेगळ्या पाकिटात द्या, आणि कलाकार घराबाहेर पडण्याआधी द्या. खर्च चार-पाच मित्रांनी वाटून घ्यावा. नवख्या पाहुण्याकडून पहिल्या बैठकीला वर्गणी मागू नये. तिसऱ्या बैठकीपर्यंत तो स्वतःच विचारतो.

कार्यक्रमाचा आराखडा अडीच तासांचा धरा. पहिला राग: विलंबित चाळीस मिनिटे, द्रुत (जलद लयीतले) पंधरा. मग वीस मिनिटांचा मध्यंतर. दुसरा राग पंचवीस-तीस मिनिटांत आटोपशीर, त्यानंतर दोन नाट्यपदे, एखादा अभंग आणि शेवटी भैरवी. भैरवीनंतर फर्माईश नको, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

नाट्यपदाचा एक उपयोग गोव्यात फार छान होतो. बहुतेकांना पद पाठ असते पण राग माहीत नसतो. ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ हे अभिषेकीबुवांनी बांधलेले पद चारुकेशीत आहे. गायक चारुकेशी गाणार असेल तर आधी दहा मिनिटे आलाप, मग बंदिश आणि तिला लागूनच हे पद, अशी जोडणी करायला सांगा. ओळखीच्या चालीतले स्वर आपण आत्ताच ऐकत होतो, हे लक्षात येताच नवख्याचा चेहरा खुलतो.

वेळ: दहाचा नियम आणि सकाळचे राग

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक किंवा वाद्ये वाजवता येत नाहीत, आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. बंद खोलीत, माईकशिवाय गाणे असले तरी दहाच्या आत भैरवी संपवायची असा नेम ठेवा. लोकांना परत काणकोण-पेडण्यापर्यंतही जायचे असते.

याचा एक परिणाम असा की सार्वजनिक मैफली संध्याकाळी सुरू होऊन दहाला संपतात, त्यामुळे तेच संध्याकाळचे आणि रात्रीच्या पहिल्या प्रहराचे राग पुन्हा पुन्हा कानावर येतात. तोडी, जौनपुरी, अल्हैया बिलावल, सारंग हे मित्रांनी कधी समोर बसून ऐकलेलेच नसतात. म्हणून आमचा आग्रह रविवारच्या सकाळच्या बैठकीचा. साडेआठला बसायचे, अकराला उठायचे. हवा थंड असते, गायकाने पुरेशी झोप घेतलेली असते, डास नसतात आणि लहान मुलांनाही आणता येते. फक्त गायकाचा आवाज सकाळी लवकर लागतो का, ते विचारा. काहींना दहाशिवाय गळा मोकळा होत नाही.

संध्याकाळचीच हौस असेल आणि पूरिया धनाश्री किंवा मारवा ऐकवायचा असेल तर सूर्यास्त बघून वेळ ठरवा. डिसेंबरात गोव्यात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मेअखेरीस सातच्या. हे राग दिवेलागणीला खिडकीबाहेरचा उजेड मावळताना सुरू झाले पाहिजेत. निमंत्रणात अर्धा तास आधीची वेळ द्या.

महिन्यांचे म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पण तोच जत्रांचा मोसम, तबलजी आणि संवादिनीवादक नाटक-भजनांत गुंतलेले असतात, तेव्हा साथीदार दीड-दोन महिने आधी बांधून घ्या. चवथीच्या आसपास तर कोणीच हाताशी लागत नाही. पावसाळ्यात मल्हार ऐकवायचा मोह होतो, तो जरूर पुरवा, मात्र पत्र्याच्या छपराखाली नव्हे. पत्र्यावर एक सर आली की गवयाला थांबावे लागते. वर स्लॅब असलेली तळमजल्याची खोली बघा.

खोली

वीस बाय पंधरा फुटांची खोली म्हणजे तीनशे चौरस फूट. त्यातले आठ बाय सहा गवई-साथीदारांना. उरलेल्या अडीचशेत माणशी सहा चौरस फूट आणि दाराशी थोडी वाट धरली की पस्तीस जण सुखाने बसतात.

खोलीच्या मधोमध उभे राहून एक खणखणीत टाळी वाजवा. जुन्या घरात, कौलारू छप्पर आणि मातीच्या जाड भिंती असतील तर टाळी तिथेच जिरते. सोप्यावर किंवा राजांगणाच्या (घरातल्या मधल्या अंगणाच्या) कडेने बैठक झाली तर आवाजाला भरीवपणाही येतो. नव्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स, मोकळ्या भिंती आणि काचेच्या सरकत्या खिडक्या असल्या की टाळीमागून झणझण ऐकू येते. अशा खोलीत तबल्याची ‘ना’ दोनदा वाजल्यासारखी वाटते आणि द्रुत तानेतले स्वर एकमेकांवर चढतात. उपाय स्वस्त आहेत: भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंजी, तिच्याखाली जाड चटई, खिडक्यांना जाड पडदे, आणि गवयासमोरच्या भिंतीला दोन गाद्या उभ्या टेकवून वर चादर. पुस्तकांनी भरलेले कपाट असले तर ते जाग्यावरच राहू द्या. रिकाम्या खोलीत थोडा घुमारा उरला तरी चालेल, माणसे बसली की तो आणखी कमी होतो. खोली पूर्ण मुकी करून टाकली तर गवयाला स्वतःचाच आवाज परत मिळत नाही आणि तो जोर लावून गातो.

गवई लांब भिंतीच्या मध्यावर बसवा, म्हणजे शेवटचा श्रोताही पंधरा फुटांच्या आत येतो. कोपरा टाळा, तिथे तबल्याच्या जोडीतला डग्गा नुसता घुमतो. पाठीमागे भिंतीपासून दीड फूट जागा सोडा.

आणि हे नक्की करा: आदल्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी त्या खोलीत वीस मिनिटे गप्प बसून येणारे आवाज वेळेसह लिहून काढा. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा किती वाजता येतो, शेजारचा पंप कधी चालू होतो, देवळातली आरती, चर्चची घंटा, वरच्या मजल्यावरचा क्लास. पोदेर पावणेसहाला येत असेल तर सहाला सुरुवात करा. पंप बंद ठेवण्याची विनंती शेजाऱ्याला आधीच करता येते. पावसाळी रात्री बेडकांपुढे कोणाचे काही चालत नाही. ते लक्षात घेऊन त्या दिवसांत सकाळच निवडा.

वाद्ये आणि गोव्याची हवा

इथे सर्वांत जास्त घोटाळे होतात, म्हणून थोडे सविस्तर.

पट्टीपासून सुरू करू. पुरुष गायक बहुधा काळी एक (म्हणजे संवादिनीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) किंवा काळी दोन, स्त्रिया काळी चार किंवा काळी पाच, कधी पांढरी पाच. तबल्याचे तोंड जितके मोठे तितका स्वर खाली. सव्वापाच ते साडेपाच इंचांचा दायाँ (उजव्या हाताचा तबला) काळी एकला छान बोलतो. काळी चारच्या षड्जासाठी (सा) सहा इंचांवरचा, ढाल्या (खालच्या) स्वराचा दायाँ लागतो आणि तो प्रत्येक तबलजीकडे नसतो. मग काय करायचे, हे रागावर ठरते. काळी चारचा मध्यम (म) म्हणजे काळी एक. गायिका मालकंस किंवा बागेश्री गाणार असेल तर साडेपाच इंची तबला काळी एकला, म्हणजे तिच्या मध्यमाला, मिळवून काम भागते. पण तीच यमन गाणार असेल तर शुद्ध मध्यमाला लावलेला तबला तीव्र मध्यमाला छेद देतो, आणि ते नवख्यालाही खटकते. तिथे पंचमाला, म्हणजे काळी दोनला लावावा लागतो; त्यासाठी पाच इंचांच्या आसपासचा छोटा दायाँ हवा. मारवा किंवा पूरियात पंचमही नाही आणि शुद्ध मध्यमही नाही. तिथे षड्जाचाच तबला पाहिजे, पळवाट नाही. गायकाला राग आधी विचारायचा तो यासाठी, आणि ते उत्तर त्याच दिवशी तबलजीला कळवायचे.

आता हवा. तबल्याचे चामडे ओलावा ओढून सैल होते आणि स्वर उतरतो. वातानुकूलित खोलीत ते सुकून ताणले जाते आणि स्वर चढतो. फोंड्याहून स्कूटरवर दमट हवेतून आलेला तबला थेट एसीत ठेवून लगेच मिळवला तर विलंबित संपेपर्यंत तो अर्धा स्वर वर गेलेला असू शकतो. वाद्ये बैठकीच्या किमान तासभर आधी त्याच खोलीत, झाकण काढून ठेवा. एसी लावायचा असेल तर तोही तेव्हाच सुरू करा आणि मध्यंतरात बंद करू नका. ओला तबला पंख्याखाली किंवा केस वाळवायच्या यंत्रासमोर धरणे हा अघोरी उपाय, त्याने तबल्यावरची काळी शाई तडकते. गाडीच्या मागच्या काचेखाली उन्हात ठेवलेल्या तबल्याचीही तीच गत.

मिळवण्याचे काम तबलजीचेच, पण यजमानाला एवढे माहीत असावे की गजऱ्यावर (तोंडाच्या कडेच्या चामडी वेणीवर) वरून हातोडी मारली की स्वर चढतो, खालून मारली की उतरतो, आणि सोळा घरे एकसारखी लागेपर्यंत दहा मिनिटे शांतता लागते. त्या दहा मिनिटांत पाहुण्यांना खोलीत सोडू नका. बाहेर सोप्यावर चहा द्या.

संवादिनीचा स्वर बदलता येत नाही, म्हणून बाकी सगळे तिला मिळवायचे. घरातली जुनी पेटी वापरणार असाल तर दोन दिवस आधी प्रत्येक पट्टी दाबून तपासा. पावसाळ्यानंतर सूर अडकणे, पट्टी फुगून वर न येणे आणि भात्याला बुरशी हे नेहमीचे दुखणे आहे. वर्षभर पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्या आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटे वाजवली तर ते टळते.

खरे तानपुरे मिळत असतील तर दोन ठेवा. भोपळ्याची दोन वाद्ये मागे झंकारत असली की मित्रांना गाणे सुरू होण्याआधीच अर्धे मिळालेले असते. तारा प–सा–सा–सा अशा. मालकंसाला पहिली तार मध्यमाला, मारवा-पूरियाला बहुधा निषादाला. यमनानंतर मालकंस असेल तर मध्यंतरात तार बदलून मिळवायला दहा मिनिटे जातात, त्याचा हिशेब वेळापत्रकात धरा. घोडीवर तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकला तरी आस मरते, म्हणून मिळवलेला तानपुरा कोणालाही उचलू देऊ नका. तानपुरे धरायला दोन मित्रांना बसवा. त्यांना तो कार्यक्रम जन्मभर आठवतो. बोटाने तार न ओढता अलगद सोडायची आणि तबल्याच्या लयीला बांधून घ्यायचे नाही, एवढे त्यांना आदल्या दिवशी अर्धा तास शिकवा.

खरे तानपुरे नसतील तर इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाइल अॅप चालते. अॅपमध्ये स्वर बारीक वर-खाली करायची सोय असते. जुनी पेटी थोडी चढी किंवा उतरी असेल तर तिथे जुळवा. स्पीकर गवयाच्या मागे, जमिनीवर, मंद आवाजात. फोन एरोप्लेन मोडवर आणि पूर्ण चार्ज केलेला, कारण वीज जाणारच असे धरून चालायचे. इन्व्हर्टरवर एक दिवा आणि पंखे एवढेच ठेवा.

माईक

तीस-पस्तीस माणसांना माईक लागत नाही. गायकाने मागितलाच तर फक्त गळ्याला एक, तोंडापासून सहा-आठ इंचांवर, आणि स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या दिशेने. स्पीकर माईकच्या मागे गेला की शिट्टी वाजते. तबल्याला आणि पेटीला या खोलीत माईक देऊ नका. तोल बिघडतो आणि मग सगळेच आवाज वाढवत बसतात.

मांडणी आणि पाहुणचार

गवयासाठी आठ-दहा इंच उंचीचा पाट किंवा चौथरा, त्यावर गादी आणि पांढरी चादर. साधारणपणे तबला गवयाच्या उजव्या हाताला, पेटी डाव्या, तानपुरे मागे. तरी कलाकाराची सवय विचारून घ्या. तबलजी आणि गवई यांची नजरानजर होईल इतका कोन दोघांच्या बैठकीत असावा. श्रोत्यांची पहिली ओळ पाच फुटांवर. गुडघे दुखणाऱ्यांसाठी सात-आठ खुर्च्या मागच्या भिंतीला लावा, पुढे मधेच नको. भिंतीकडेने लोड.

उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल, तिन्ही बंद. समोर धूर असला की गायकाचा गळा पहिल्या दहा मिनिटांत धरतो. संध्याकाळच्या बैठकीला पाचलाच खिडक्या लावून घ्या, जाळी असलेल्या खिडक्या उघड्या ठेवा, आणि कॉइल लावायचीच तर दुपारी लावून चारला विझवा. पंख्याचा झोत गवयाच्या तोंडावर नको. छताचा पंखा मध्यम गतीवर पुरे.

गवयाजवळ कोमट पाण्याचा तांब्या. बर्फाचे काही नाही, गाण्याआधी तळलेले-तिखटही नाही. श्रोत्यांना येताच चहा, मध्यंतरात आमसुलाचे सरबत, आणि सगळे संपल्यावर भाजी-पाव, शिरा. गाणे चालू असताना स्वयंपाकघरात कुकर किंवा मिक्सर चालता कामा नये. हे घरच्यांना नीट सांगा, आणि ज्या बाईमाणसांनी राबून हे सगळे केले त्यांना पहिल्या दोन ओळींत जागा राखून ठेवा. बैठक घरात आणि घरची माणसे स्वयंपाकघरात, असे होऊ देऊ नका.

उशिरा येणाऱ्यांसाठी दाराशी एक मित्र बसवा. विलंबिताच्या मध्ये कोणाला आत सोडायचे नाही. ठेका बदलून द्रुत सुरू व्हायच्या फटीत आत घ्यायचे.

नवख्याला ऐकायची वाट

निमंत्रणासोबत त्याच गायकाचे दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग पाठवा, अधिक नको. बैठकीला येताच हातात अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या: रागाचे नाव, ताल, बंदिशीचे शब्द आणि मराठीत अर्थ. बंदिशी बहुतेक ब्रज भाषेतल्या, शब्द ताणलेले. कागदावर दिसले की कान धरायला आधार मिळतो. शब्द गायकाकडूनच आधी मागवून घ्या. आरोह-अवरोह, वादी-संवादी छापू नका.

सुरुवातीला यजमानाने तीन मिनिटेच बोलावे आणि एकच गोष्ट दाखवावी: सम. तबलजीला विनंती करून तीनतालाची चार आवर्तने (तालाच्या पूर्ण फेऱ्या) वाजवून घ्या, सगळ्यांना सोळा मात्रा हातावर मोजायला लावा. मग सांगा की विलंबितात हेच फार सावकाश होते, अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन पाऊण ते एक मिनिट चालते, त्यामुळे मोजत बसू नका. बंदिशीच्या पहिल्या ओळीचा तुकडा, मुखडा, पुन्हा पुन्हा येतो. तो जिथे जाऊन टेकतो ती सम. पंधरा मिनिटांत नवख्या माणसाची मान आपोआप समेवर पडू लागते. ती पडली की तुमचे काम झाले. कोणाची चुकीच्या जागी ‘वाहवा’ निघाली तर तिकडे वळून बघू नका, दाद द्यायला तो पुन्हा धजणार नाही.

मध्यंतरात गायकाला एखादा प्रश्न विचारायची मुभा द्या, पण गळ्याला विश्रांती हवी असते, म्हणून दोन प्रश्नांवर थांबा.

रेकॉर्डिंग करून वाटणे

परवानगी आधी घेतलेली असली तरी सुरू करण्यापूर्वी पुन्हा विचारा. आपल्या सादरीकरणावर कलाकाराचा कायदेशीर हक्क असतो. ध्वनिमुद्रण गटापुरते राहील की पुढे जाईल हे त्यानेच ठरवायचे. यूट्यूबवर टाकणे ही वेगळी परवानगी.

एकाच माणसाने रेकॉर्डिंग करावे, बाकीच्यांचे फोन बंद. छोटा हँडी रेकॉर्डर असेल तर उत्तम, नसेल तर फोनही चालतो. गवयापासून पाच-सहा फुटांवर, मांडीच्या उंचीवर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे जमिनीतून येणारी डग्ग्याची धडधड घुसत नाही. तबल्यापेक्षा गळ्याच्या बाजूला थोडा झुकता ठेवा. पातळी अशी लावा की सर्वांत मोठा आवाज उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या मधे राहील. आलापाला बघून पातळी लावली की द्रुतातल्या तिहाईला (तीनदा घेतलेल्या तुकड्याला) ध्वनी फाटतो, आणि फाटलेला दुरुस्त होत नाही. हळू आलेला नंतर वाढवता येतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह फाइल तासाला सुमारे एक जीबी होते, अडीच तासांना तीन जीबी मोकळी जागा आणि बॅटरीचा जोड ठेवा. आपोआप आवाज सांभाळणारी सोय बंद करा, नाहीतर प्रत्येक शांत जागी तानपुरा उसळून वर येतो.

दुसऱ्या दिवशी रागवार तुकडे करा. फाइलच्या नावात तारीख, गायक, राग, ताल, साथीदार ही माहिती घाला. वर्षभराने ‘रेकॉर्डिंग ००४’ म्हणजे काय ते कोणालाच सांगता येत नाही. आधी कलाकाराला पाठवा, त्याने हो म्हटल्यावरच मित्रांना. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून जोडा. प्रत्यक्ष ऐकलेल्या गाण्याचे रेकॉर्डिंग मित्र पुन्हा पुन्हा लावतात. सुरुवातीला ज्याने अंगठ्याची खूण टाकून सोडून दिले होते, तोही लावतो.

घुमटाची बैठक वेगळी

मित्र बाहेरून आलेले असले की घुमट आरत्या (घुमट या मातीच्या, कातडे ताणलेल्या वाद्याच्या साथीने म्हणायच्या) ऐकवायची हौस होते. जरूर ऐकवा, पण ख्यालाच्या बैठकीला जोडून नको. घुमट, शामेळ (नगाऱ्यासारखे वाद्य) आणि कांसाळे (झांजा) बंद फ्लॅटमध्ये कानठळ्या बसवतात. राजांगण किंवा अंगण हवे, आणि वेळ दहाच्या बरीच आधीची. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे असे, वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे (१९७२) ते बंद झाले आणि आता शेळीचे वापरतात. तेही दमट हवेत ढिले पडते, म्हणून वाजवणारे आधी उन्हात किंवा शेकोटीपाशी धरून तापवतात. त्यासाठी अंगणात जागा आणि अर्धा तास ठेवा. राज्याचे वारसा वाद्य म्हणून घुमटाला २०१९ मध्ये मान्यता मिळाली, हे पाहुण्यांना सांगायला हरकत नाही.

बैठक संपल्यावर

सतरंज्या, चादरी आणि लोडांच्या खोळी दुसऱ्या दिवशी उन्हात टाकूनच घडी घाला. दमट ठेवल्या तर महिन्यात काळे ठिपके पडतात. वहीत खर्च, आलेल्यांची संख्या, गायलेले राग आणि काय जमले नाही ते लिहून ठेवा.

मग पंधरा दिवसांच्या आत त्यातल्या पाच-सहा नवख्यांना घेऊन एखाद्या मोठ्या मैफलीला जा. गोव्याची कला अकादमी केसरबाईंच्या नावाने संगीत समारोह भरवते. घरच्या बैठकीत सम सापडलेल्या माणसाला तिथले गाणे परके वाटत नाही. सभागृहात पहिल्या दोन रांगा टाळून मधल्या रांगांत, मध्यभागी बसा, तिथे गळा आणि साथ यांचा तोल नीट ऐकू येतो. परतीच्या गाडीत पुढची बैठक कोणाच्या घरी ते ठरवून टाका, आणि त्याच आठवड्यात त्या घरी जाऊन खोलीच्या मध्यभागी टाळी वाजवून या.